तात्पर्य नसलेली पुस्तकं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. कुठे पहिली वेलांटी आणि कुठे दुसरी, हे मी अंदाजाने लिहिते. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यानंतर चाळीस वर्षांत सही सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. ही वही कोणी वाचू नये म्हणूनच मी ती ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवते, पण कधी कोणाच्या हाती लागलीच तर चुकांबद्दल माफी असावी. बोलताना मी मालवणी बोलते. लिहायला बसले की मात्र हात आपसूक पुस्तकातली भाषा लिहू लागतो, त्याला माझा इलाज नाही.

मी आमच्या गावच्या शाळेत मुलांचं जेवण शिजवते. शाळा म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि मागच्या बाजूला पत्र्याचं स्वयंपाकघर. पोरं सतरा. मास्तर दोन, एक हेडमास्तर आणि एक बाई. त्या वर्षीच्या बाई घाटावरच्या होत्या, पंचविशीसुद्धा गाठलेली नव्हती. वर्षावर्षाच्या कराराने, मानधनावर आल्या होत्या. पोरांचं बोलणं त्यांना आधी कळायचंच नाही. "बाई, माका व्हया" म्हटलं की त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी पडवीतून हळूच सांगायची, "त्याला पाहिजे म्हणतो." मला चारचौघांत तोंड उघडायची भीती वाटते, पण त्यांच्याशी तेवढं एक-दोन शब्दांचं बोलणं होत असे. त्या मला मावशी म्हणायच्या.

या बाईंनी मुंबईच्या कुठल्याशा मंडळाला पत्रं लिहून लिहून मुलांसाठी पुस्तकं मागवली. दोन खोके आले. अडतीस पुस्तकं, सगळ्या मुलांच्या कादंबऱ्या. बाईंनी एकेकाचं नाव आणि किंमत वहीत चढवली आणि खाली स्वतःची सही केली. त्या दिवशी त्यांनी पोरांना लाडू वाटले. एवढं मला आठवतं, कारण परात मीच धरली होती.

मे महिन्याच्या सुट्टीत बाई गावी गेल्या. शाळा रंगवायला काढली होती, पावसाआधी तपासणीला साहेब येणार होते. हेडमास्तरांनी मला बोलावलं. कपाटातलं सगळं सामान पडवीत काढून ठेवलं होतं.

"गो, ही पुस्तकां जरा बघ," ते म्हणाले. "फाटकी आणि अपुरी असतीत ती बाजूक काढ. भंगारवालो येता, तेका दी. सायबान बघल्यान तर म्हणात, कचरो सांभाळतंत."

मी विचारलं, "अपुरी कशी वळखायची?"

"शेवटाक बघायचा. शेवट नाय तर अपुरी. तुका वाचूक येता मां?"

येतं म्हटलं. खरं म्हणजे मला ते काम दिलं याचा आनंद झाला होता. परकर-पोलक्यात शाळेत जायची ती मी, माझ्या हाती पुस्तकं पारखायला दिली. मी हात धुऊन पुसून बसले.

आता जे लिहायचं ते लिहायला लाज वाटते, पण ते नाही लिहिलं तर या वहीला काही अर्थ नाही. आमच्या वेळच्या पुस्तकात गोष्ट संपली की खाली एक ओळ असायची. तात्पर्य. लबाडी फार काळ टिकत नाही. गर्वाचे घर खाली. एकीचे बळ. आमचे मास्तर गोष्ट विचारत नसत, तात्पर्य विचारत. ते आलं नाही की हातावर छडी. तिसरीत मी एकदा सबंध गोष्ट घडाघडा सांगितली, कोल्हा, करकोचा, सुरई, काही सोडलं नाही, पण तात्पर्य विसरले. मास्तर म्हणाले, "वरचा सगळा वाया गेला. गोष्ट अपुरी." आणि दोन छड्या दिल्या. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं ते बसलं.

मी एकेक पुस्तक उचललं आणि शेवटचं पान उघडलं. एका पुस्तकाच्या शेवटी एक मुलगा होडीत बसून आजीला हात करत होता आणि तिथेच संपलं. दुसऱ्यात पाऊस थांबला होता आणि दोन बहिणी काही न बोलता भात जेवत होत्या. तिसऱ्यात कोणीतरी दार उघडलं. कोणी उघडलं तेही नाही. मी पान उलटून बघितलं, मागे कोरं होतं. एकातही तात्पर्य नव्हतं.

पुस्तकं नवी होती हे मला दिसत होतं. वास नवा होता, कोपरे धारदार होते. पण मी मनात म्हटलं, म्हणूनच फुकट दिली असणार. शहरातली माणसं आपल्याला काय चांगलं पाठवणार? छापताना शेवट राहिला असेल, दुकानात खपली नसतील, दिली गावातल्या पोरांना. मला त्या मुंबईवाल्यांचा राग आला आणि बाईंची कीव आली. इसापच्या गोष्टींची दोन जुनी पुस्तकं होती, पाठीवरून उसवलेली. ती मी खळ लावून चिकटवली आणि कपाटात ठेवली. त्यांत तात्पर्य होतं.

भंगारवाल्याने काट्यावर पुस्तकं टाकली, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्याबरोबर. जे काही पैसे आले ते मी हेडमास्तरांच्या हातावर ठेवले. त्यांनी न मोजता खिशात टाकले आणि त्यातून रंगाऱ्यांना चहा मागवला. मीही एक कप घेतला.

शाळा सुरू झाली. पहिल्या शनिवारी वाचनाचा तास होता. बाईंनी कपाट उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मग हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या. "रंगकामात खंय तरी हलवली असतीत, गावतली," म्हणजे सापडतील, असं ते म्हणाल्याचं मी ऐकलं. स्वयंपाकघरात मी तांदूळ निवडत होते. मी मनात म्हटलं, बाई अपुरी पुस्तकं कशाला शोधतील, दुसरी काहीतरी असतील.

सगळ्यांत एकच कादंबरी उरली होती. चौथीतल्या एका किरिस्तांव मुलीने ती सुट्टीत घरी वाचायला नेली होती. तिचे वडील गोव्याला कामाला होते, आई टपरीवर पाव विकायची. ती मुलगी पिशवीतून पुस्तक काढत म्हणाली, "बाई, ह्या पुस्तक अपुरा आसा."

"अपुरं? का गं?"

"शेवटाक तात्पर्य नाय. फाडल्यानी कोणी तरी."

मी हातातलं सूप खाली ठेवलं. माझ्या मनातलंच बोलली पोर, असं वाटून मला बरं वाटलं होतं. ते जेमतेम एका श्वासापुरतं.

बाई हसल्या. वाईट नाही, लाडाने. "अगं, कादंबरीत तात्पर्य लिहीत नाहीत. ते लेखक आपल्यावर सोडतो. संपूर्ण पुस्तकभर एक गोष्ट आतून चाललेली असते, ती आपण हुडकायची. त्याला म्हणायचं आशयसूत्र."

"सूत्र? क्षेत्रफळाचा?" मागून एक जण ओरडला. "लांबी गुणिले रुंदी!"

सगळी पोरं हसली. बाईही हसल्या. मग त्यांनी फळ्यावर तो शब्द लिहिला आणि सांगितलं की गणितातलं सूत्र वेगळं. हे सूत्र म्हणजे माळेतला दोरा, मणी दिसतात, दोरा दिसत नाही.

मी तांदळात बोटं घालून बसले होते. अडतीस वजा एक, सदतीस. ती चिमुरडी आणि मी, दोघींची चूक एकच. फरक एवढाच की तिने विचारलं.

जेवणं झाल्यावर बाई पाणी प्यायला आत आल्या. तांब्या हातात घेऊन म्हणाल्या, "मावशी, तुम्ही कुठे पाहिलीत का हो ती पुस्तकं?"

तेव्हा सांगायचं होतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. माझ्यासारख्या बाईला याहून सोपी वेळ देवानेही दिली नसती. मी पातेलं घासत होते, मान वर केली नाही आणि म्हटलं, "नाय."

त्यानंतर सगळा पावसाळा दर शनिवारी बाई ते एकच पुस्तक थोडं थोडं वाचत आणि मुलांना बोलतं करत. मी फोडणी लवकर उरकून दाराशी बसायची. गोष्ट एका मुलीची होती. तिची शेळी पावसात नाहीशी होते. शेळी चिऱ्याच्या खाणीत पडून मेलेली असते, आणि हे तिच्या बापाला, शेजाऱ्यांना, दुकानदाराला, सगळ्यांना माहीत असतं. मुलगी दारोदार विचारत फिरते. कोणी म्हणतं येईल, कोणी म्हणतं परवा पलीकडच्या रानात दिसली होती. शेवटी ती खाणीच्या काठावर जाते, परत येते, शेळीचं दावं गुंडाळून खुंटीला अडकवते आणि पुस्तक संपतं.

बाई विचारायच्या, "काय असेल यातलं आशयसूत्र?" आणि कोणीही काही म्हणालं की लगेच, "पान दाखव."

"बाई, प्रेम. तिचा शेळयेवर प्रेम आसा."

"पान दाखव."

मग पुस्तक हातोहात फिरायचं. पोरगा पान शोधून वाचायचा. बाई फळ्यावर "प्रेम" लिहायच्या आणि पुढे पानाचा आकडा.

"बाई, दुसरा. शेळी बांधून ठेवूक व्हयी."

"ते तात्पर्य झालं," बाई म्हणाल्या. "ते तुझ्या आईचं. पुस्तकाचं सांग."

त्यावर हशा. ज्याला हसले तो म्हणाला, "माझ्या आवशीन सांगलेला खोटा नसता." आणखी हशा.

मग त्या पाववालीच्या मुलीने हात वर केला. "बाई, सगळ्यांका म्हायत आसा. तिका सांगणा नाय कोणच. ह्याच आसा सगळीकडे."

"पान?"

"खंयचाय काढा."

बाईंनी पुस्तक मधेच कुठेतरी उघडलं. वाचलं. पुन्हा दुसरीकडे उघडलं. मग त्या म्हणाल्या, "खरंच की." आणि फळ्यावर लिहायचं राहून त्या तशाच उभ्या राहिल्या.

"पण बाई," ती मुलगी म्हणाली, "ती सगळी माणसां वायट नाय हत. त्येंका तिची दया येता, म्हणान सांगणत नाय."

"दया येते म्हणून, की आपल्याला तिचं रडणं बघायला नको म्हणून?" बाईंनी विचारलं.

 मी आत जाऊन गॅस बारीक केला. माझ्या न सांगण्यात तर दयाही नव्हती. नोकरी जाईल एवढीच भीती होती. मानधन थोडं, पण घरवाला ट्रॉलरवर, कधी पैसे घरी येतात कधी येत नाहीत.

पावसाआधी येणारे साहेब श्रावणात आले. वही उघडली, कपाट उघडलं. वहीत अडतीस, कपाटात एक. मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले तेव्हा हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलेलं होतं, केव्हा कळलं ते मला माहीत नाही. त्यांनी नजर वळवून साहेबांना सांगितलं, "पुस्तकं बाईंच्या ताब्यात होती. सही त्यांचीच आहे."

साहेब गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात आले. आत आले नाहीत.

"मी तुका फाटकी काढ म्हटलंय."

"अपुरी पण म्हटलास," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट बोलले.

"मगे? जा, सांग सायबाक. तुझा काम जायत आणि माझी पेन्शन अडकात. दोन वर्सां रवलीत माझी. गप रव गो."

मी गप्प राहिले. पुस्तकांची किंमत, चार हजार एकशे ऐंशी रुपये, बाईंच्या मानधनातून कापून घेतली. गावात बोलणं सुरू झालं. घाटावरची, कोण ना कोणाची, पुस्तकां इकून खाल्ल्यान. एका पोराच्या आईने शाळेच्या फाटकात, बाई ऐकतील अशा आवाजात म्हटलं, "पोरांच्या तोंडचा काढून खाणाऱ्यांका लाज नाय." बाई वर्गात गेल्या आणि शिकवायला लागल्या. शनिवारचा तास त्यांनी बंद केला. एप्रिलमध्ये त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

त्या गेल्या त्या दिवशी मी तिठ्यावर गेले. सकाळची कोल्हापूरची गाडी यायची होती. बाई बॅग घेऊन एकट्या उभ्या होत्या, कोणी पोचवायला आलं नव्हतं. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि मला वाटलं, आता पायाला पाय लावून पळावं.

मी सगळं सांगितलं. तात्पर्य, भंगारवाला, चहा, सगळं. सांगताना मी मालवणीत सांगत होते की पुस्तकी भाषेत तेही मला कळत नव्हतं.

त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तात्पर्य नव्हतं म्हणून?"

"हो."

"मावशी, ते मी समजू शकते. तो माझाच विषय आहे." त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "पण मी तुम्हाला विचारलं होतं. तांब्या हातात घेऊन विचारलं होतं."

त्यांना तांब्यासुद्धा आठवत होता. गाडी आली. मी म्हटलं, "पैसे मी फेडतलंय," आणि पदरात बांधून आणलेले दोनशे रुपये पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत, ढकललेही नाहीत. बॅग उचलून चढल्या. मी ते कंडक्टरच्या हातात देऊन म्हटलं, त्या बाईंना द्या. कंडक्टर वैतागला, पण काचेतून मला दिसलं की त्याने ते दिले आणि बाईंनी मुठीत धरले.

नंतर मी काजूच्या कारखान्यात दुपारची जायला लागले. शाळेचं आटपून दोन वाजता बसायचं, गर सोलायचे. बोटं चिकाने काळी पडतात, भाकरी थापताना झोंबतं. तिथे एक दिवस बायकांत तोच विषय निघाला, ती घाटावरची आणि तिने विकलेली पुस्तकं. मी इतक्या दिवसांत काही बोललेली नव्हते. त्या दिवशी म्हटलं, "तिणा नाय इकल्यान. मी इकलंय."

सगळ्यांचे हात थांबले. मग एक जण म्हणाली, "तुका वाचूक तरी येता काय गो?"

"येता. म्हणानच इकलंय."

केवढ्या हसल्या. एकीला ठसका लागला. "म्हणानच इकलंय! आयकलात?" मी समजावायला गेले, तात्पर्य, अपुरी, आशयसूत्र, पण माझी जीभ वळेना, आणि त्यांना ते सगळं अधिकच हसण्यासारखं वाटलं. दोन आठवड्यांनी ती गोष्ट फिरून माझ्याच घरात आली. सून म्हणाली, "आई, लोक बोलतत तुम्ही आणि बाईन, दोघांनी मिळान इकल्यात. खरा?" बाईंच्या नावावरचा डाग पुसायला गेले आणि त्यावर माझं नाव लिहून आले. तो डाग अजून आहे. हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल-श्रीफळ दिलं. जेवण मीच केलं होतं.

पैसे मी महिन्याला दोनशे याप्रमाणे पाठवायला लागले. बाईंचा नंबर शाळेच्या भिंतीवर खडूने लिहिलेला होता, तो मी उतरवून घेतला. मला फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून तिठ्यावरच्या दुकानदाराला रोख द्यायची आणि तो त्याच्या फोनवरून पाठवायचा.

"काकी, खंयच्या बँकेचो हप्तो ह्यो?" तो विचारायचा.

"पुस्तकांचो."

"अगो, इतक्या पैशांत तू शिकान कलेक्टर झाली असतंस."

बाईंचं दर वेळी एकच उत्तर यायचं. मिळाले. दुकानदार वाचून दाखवायचा आणि मी त्याच्या खांद्यावरून स्वतः एकदा वाचून घ्यायची. दुसरं काही नाही. त्या कुठे आहेत, शिकवतात की नाही, मी कधी विचारलं नाही, मला तो हक्क नव्हता. दोनदा चुकले. एकदा घरवाल्याचा पाय बोटीवर चिरडला तेव्हा, आणि एकदा कारखाना बंद पडला तेव्हा. त्या महिन्यांत त्यांचंही काही आलं नाही. त्यांनी मागितले नाहीत आणि नको असंही म्हटलं नाही. नको म्हणाल्या असत्या तर मला सुटल्यासारखं झालं असतं. तेवढ्यासाठीच म्हणाल्या नसतील, असं मला वाटतं. पान दाखव म्हटलं तर मला दाखवता येणार नाही.

काल एकशे ऐंशी राहिले होते. दुकानदाराने पाठवले. मी त्याला सांगितलं, खाली लिही, सगळे झाले. त्याने लिहिलं. आम्ही दोघं फोनकडे बघत थांबलो. एक गिऱ्हाईक साबण घेऊन गेलं, दुसरं आलं. मग फोन वाजला.

"काय म्हणता?" मी विचारलं.

त्याने फोन माझ्याकडे वळवला. लिहिलं होतं, मिळाले. पूर्ण फिटले.